विरळ आरशांची अवकाश दुर्बीण: जुळवून काढलेल्या प्रतिमेत मोजलेले किती आणि मानलेले किती?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी माझ्या मार्गदर्शनाखाली प्रकल्प करतो आहे. एकसंध मोठा आरसा अवकाशात नेणे अवघड, म्हणून लहान आरसे दूरदूर मांडायचे, त्यांचा प्रकाश एकाच नाभीवर एकत्र आणायचा आणि हाती येणाऱ्या धूसर, कडीकडीच्या प्रतिमेतून मूळ दृश्य संगणकावर परत मिळवायचे, असा त्याचा विषय आहे. त्याने 2 मीटर व्यासाचे सहा आरसे षट्कोनाच्या शिरोबिंदूंवर, केंद्रापासून 4 मीटरवर ठेवले आहेत. म्हणजे बाहेरचा व्यास 10 मीटर होतो. तरंगलांबी 550 नॅनोमीटर आणि लक्ष्य एका सर्पिल दीर्घिकेचे कृत्रिम चित्र.

त्याने वीनर फिल्टर, रिचर्डसन-लूसी आणि टोटल व्हेरिएशन या तीन पद्धतींनी प्रतिमा काढल्या. तिन्ही दिसायला सुरेख आहेत आणि अडचण नेमकी तिथेच आहे. वीनरच्या प्रतिमेत एका भुजेला छेदणारी काळी फट दिसते, जिच्या दोन्ही उजळ कडांमधले अंतर सुमारे 0.05 आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) आहे. रिचर्डसन-लूसीत त्याच जागी दोन उजळ गाठी येतात. टोटल व्हेरिएशनमध्ये भुजा सलग राहते. मूळ चित्रात ती सलगच आहे. प्रगती तपासायला आलेल्या तज्ज्ञांनी विचारले, "मूळ चित्र तुमच्याजवळ आहे म्हणून तुम्ही हे सांगू शकता. खरी दुर्बीण वर गेल्यावर मूळ कोणाकडेच नसेल, तेव्हा तिघांपैकी कोणावर विश्वास ठेवाल?" विद्यार्थी निरुत्तर झाला आणि खरे सांगायचे तर मलाही समाधानकारक उत्तर सुचले नाही. जाणकारांनी मत द्यावे.

गोदावरीतीर (नांदेड)

मॅडम, प्रश्न मोलाचा आहे आणि रेडिओ खगोलशास्त्रात तो पन्नासहून अधिक वर्षे वागवला जात आहे. मी काही काळ पुणे जिल्ह्यातील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवर काम केले आहे, त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

खोडदच्या त्या दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. त्यांच्या 435 जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी आकाशातील दृश्याच्या फूरिए रूपांतरातला (म्हणजे दृश्य जाड-बारीक लाटांच्या बेरजेत मांडले असता त्यातल्या एका लाटेचा) एकेक बिंदू मोजते. व्हॅन सिटर्ट (1934) आणि झर्निके (1938) यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धान्त याचा पाया आहे. जोडीतले अंतर जितके जास्त, तितका बारीक तपशील हाती लागतो. पृथ्वी फिरते तशा या आधाररेषा (जोडीतल्या दोन अँटेनांना जोडणाऱ्या रेषा) आकाशाच्या संदर्भात वळतात आणि प्रत्येक जोडीचा बिंदू हळूहळू वक्ररेषा काढत जातो. मार्टिन राइल यांना 1974 चे नोबेल मिळाले ते या द्वारक संश्लेषणासाठी. तरीही मधल्या जागा रिकाम्या राहतातच. त्या रिकाम्या जागांत शून्य धरून उलट रूपांतर केले की जी प्रतिमा मिळते तिला आमच्याकडे सरळ "मळकी प्रतिमा" म्हणतात. प्रत्येक ताऱ्याभोवती तिच्यात पाकळ्या आणि कडी दिसतात.

ती धुण्यासाठी यान हॉगबोम यांनी 1974 मध्ये क्लीन ही पद्धत मांडली. प्रतिमेतला सर्वांत उजळ बिंदू शोधायचा, तिथे एक बिंदुस्रोत आहे असे धरून त्याच्या पाकळ्यांसह थोडासा भाग, साधारणपणे दहावा हिस्सा, वजा करायचा, मग पुढचा उजळ बिंदू. उरते ते नॉइजसारखे, म्हणजे यदृच्छ खरखरीसारखे, दिसू लागले की थांबायचे. आकाश म्हणजे सुट्या बिंदूंचा समूह, हे यातले गृहीतक. ताऱ्यांना ते शोभते, पसरट तेजोमेघाला तितकेसे शोभत नाही. म्हणूनच पुढे अनेक आकारांचे ठिपके घेणारी सुधारित क्लीन आली.

तुमच्या विद्यार्थ्याला माझी सूचना अशी की तिन्ही प्रतिमा क्षणभर बाजूला ठेवाव्यात आणि आधी आपल्या सहा आरशांनी फूरिए प्रतलाचा कोणता भाग मोजला आहे त्याचा नकाशा काढावा. वाद बहुधा तिथेच मिटेल.

वसमतकर

माझ्या आधार कार्डावरच्या छायाचित्रासाठी यांपैकी कोणती पद्धत चालेल, तेही जाणकारांनी सांगावे.

मांजराकाठ (लातूर)

वसमतकर, तिथे मूळ स्रोतच संशयास्पद आहे.

गंभीरपणे सांगायचे तर मी सिंथेटिक अपर्चर रडारच्या प्रतिमांवर काम करतो. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या रडार उपग्रहाचा परावर्तक 12 मीटरचा आहे, पण त्याच्या प्रतिमेचा बारकावा कितीतरी मोठ्या अँटेनाला साजेसा असतो, कारण उपग्रह पुढे सरकत असताना एकामागून एक आलेले प्रतिध्वनी फेजसकट (लहर हेलकाव्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्या नोंदीसकट) साठवून नंतर एकत्र केले जातात. एकच अँटेना पुरते. मग दुर्बिणीसाठी सहा आरसे एकाच वेळी कशाला? एकच आरसा फिरवत नेला आणि नोंदी नंतर जोडल्या तर काय बिघडेल?

गोदावरीतीर (नांदेड)

मांजराकाठ, रडारमध्ये लहर तुमची स्वतःची असते. ती केव्हा सोडली आणि तिची फेज काय होती हे यंत्राला ठाऊक असते, म्हणून आत्ताच्या आणि क्षणभरानंतरच्या नोंदीची तुलना करता येते. ताऱ्याचा प्रकाश असा शिस्तीचा नसतो. त्याची फेज क्षणोक्षणी यदृच्छया बदलते. एका आरशावर आत्ता आलेल्या लहरीचा दुसऱ्या जागी नंतर आलेल्या लहरीशी काही संबंध उरत नाही. संबंध असतो तो एकाच क्षणी दोन ठिकाणी पोहोचलेल्या लहरींत, म्हणून निदान दोन आरसे एकाच वेळी हवेत. मात्र तुमच्या कल्पनेतला अर्धा भाग लागू पडतो: वेगवेगळ्या जोड्यांची मापे वेगवेगळ्या दिवशी घेता येतात, लक्ष्य मधल्या काळात बदलले नाही म्हणजे झाले.

दुसरी अडचण वारंवारितेची. रेडिओ लहर अणुघड्याळाच्या ठोक्यावर नोंदवून ठेवता येते आणि नंतर संगणकात जुळवता येते. म्हणूनच जपानची 8 मीटरची हाल्का (1997) आणि रशियाची 10 मीटरची स्पेक्टर-आर (2011) या अवकाशातील अँटेना जमिनीवरच्या दुर्बिणींशी जोडी जमवू शकल्या. स्पेक्टर-आरची आधाररेषा तर चंद्राच्या अंतराच्या जवळपास जात असे. दृश्य प्रकाशाची लहर सेकंदाला सुमारे 5×10¹⁴ वेळा हेलकावते. ती तशी नोंदवता येत नाही. प्रकाशच प्रत्यक्ष एकत्र आणावा लागतो आणि आरशांमधली वाट तरंगलांबीच्या लहानशा अंशाइतकी, म्हणजे काही दशक नॅनोमीटरपर्यंत, सांभाळावी लागते.

औंढेकर (हिंगोली)

मग आमच्या औंढा नागनाथला होणारी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा या प्रकारात मोडते का? गावात पाहुणे आले की विचारतात, "इथून कृष्णविवराचे फोटो निघणार ना?" 4 किलोमीटरच्या दोन भुजा म्हटल्यावर कोणालाही ती मोठी दुर्बीण वाटते.

गणितवेडा (बीड)

औंढेकर, तिथेही व्यतिकरणच (दोन लहरी एकत्र आणून तुलना करणे) आहे, पण तिथले माप आहे भुजांच्या लांबीतला फरक. प्रतिमा तिथून निघत नाही. एकटी लायगो गुरुत्वीय लहर कोणत्या दिशेने आली हेही नीट सांगू शकत नाही. दूरच्या अनेक केंद्रांवर लहर पोहोचण्याच्या वेळांतला फरक घेऊन दिशा ठरते. 2017 मध्ये अमेरिकेतील दोन आणि इटलीतील व्हर्गो यांनी मिळून न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा सुमारे 28 चौरस अंशांपर्यंत आणली. औंढ्याचे केंद्र त्यांच्यापासून फार दूर असल्याने हा तुकडा आणखी आवळला जाईल. पाहुण्यांना सांगा, फोटो नाही, पत्ता मिळेल.

आता मूळ प्रश्न. सहा आरशांनी जे मोजलेच नाही, अशा घटकांचा एक संच गणितात असतो. त्यातला कोणताही घटक प्रतिमेत मिसळला तरी दुर्बिणीने नोंदवलेल्या आकड्यांत काडीचाही फरक पडत नाही. त्यामुळे तुमच्या तिन्ही प्रतिमा निरीक्षणाशी तितक्याच इमानदारीने जुळत असतील आणि तरी एकमेकींहून वेगळ्या असतील, यात विसंगती नाही. वीनर फिल्टर न मोजलेल्या जागी शून्य ठेवते. अनेकांना ही भूमिका प्रामाणिक वाटते. माझ्या मते शून्य हेही एक विधानच आहे, आणि बहुतेक वेळा चुकीचे, कारण खऱ्या दीर्घिकेच्या फूरिए वर्णपटाला अशी भोके नसतात. त्या कृत्रिम भोकांमुळे प्रतिमेत लाटा उठतात आणि तुमची काळी फट ही तशी लाट असण्याची दाट शक्यता आहे. रिचर्डसन-लूसी तेजस्विता ऋण होऊ देत नाही, टोटल व्हेरिएशन सपाट पट्टे आणि तीव्र कडा पसंत करते, आणि या अटी रिकाम्या जागा आपापल्या परीने भरतात. टोटल व्हेरिएशन येथे बरोबर ठरले ते चित्र गुळगुळीत होते म्हणून. खडबडीत तेजोमेघ देऊन पाहा, तीच पद्धत बारीक पोत पुसून टाकील.

बालाघाटी (अंबाजोगाई)

गणितवेडा यांच्या म्हणण्याला पुस्ती जोडतो. आमच्याकडे कसर लागलेल्या जुन्या पोथ्या पुष्कळ. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असते, त्यामुळे दुसऱ्या चरणाच्या शेवटचे अक्षर किड्याने खाल्ले असेल तर ते जवळजवळ निश्चित सांगता येते; चौथा चरण आखूड आणि यमकाविना मोकळा, तिथले अक्षर गेले की वाचणारा अर्थावरून अंदाज करतो आणि दोन वाचणारे दोन अंदाज करतात. अख्खी ओवी गेली असेल तर छंदाचा कितीही अभ्यास असला तरी ती परत येत नाही. सर्वच नष्ट भाग सारखे नष्ट नसतात, एवढे विद्यार्थ्याने अहवालात लिहिले तरी तज्ज्ञांच्या प्रश्नाला निम्मे उत्तर मिळते.

मी हौसेने आरसे घासतो, म्हणून प्रकाशाच्या हिशोबाबद्दलही बोलतो. या चर्चेत तो अजून आलेला नाही. सहा आरशांचे क्षेत्रफळ 10 मीटरच्या पूर्ण आरशाच्या 24 टक्के भरते. मधल्या अवकाश-वारंवारितांवर (म्हणजे मध्यम बारकाईच्या तपशिलांवर) प्रतिमेचा उठाव साधारण याच प्रमाणात घटतो आणि गोळा होणारा प्रकाशही याच प्रमाणात घटतो. नॉइज प्रकाशकणांच्या संख्येच्या वर्गमुळाने ठरतो. हे सगळे एकत्र केले की तेवढ्याच दर्जाच्या प्रतिमेसाठी लागणारा वेळ भरणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणजे येथे सुमारे 72 पट. पूर्ण आरशाला एक तास लागत असेल तर याला तीन दिवस. विद्यार्थ्याने नॉइज किती धरला आहे? न धरताच तुलना केली असेल तर तिन्ही प्रतिमा अवाजवी सुंदर दिसणारच.

हबलचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. 1990 मध्ये वर गेल्यावर कळले की 2.4 मीटरच्या आरशाची कड सुमारे 2.2 मायक्रोमीटरने जास्त सपाट घासली गेली आहे. ताऱ्याचा सुमारे 70 टक्के प्रकाश मधल्या ठिपक्यात यायला हवा होता, तो 15 टक्क्यांच्या आसपास आला. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्ती करेपर्यंतच्या काळात रिचर्डसन-लूसी पद्धतीचा खगोलशास्त्रात मोठा प्रसार झाला. उजळ ग्रहांवर आणि ताऱ्यांच्या दाट गुच्छांवर तिने चांगले काम केले, अंधूक दीर्घिकांवर मात्र हात टेकले, कारण विखुरलेल्या प्रकाशात बुडालेला संकेत गणित परत आणू शकत नाही. आणि आवर्तने वाढवत नेली की नॉइजचेच तारे व्हायला लागतात. तुमच्या प्रतिमेतल्या दोन उजळ गाठी त्याच जातीच्या असाव्यात, असा माझा संशय आहे.

खामनदी (छत्रपती संभाजीनगर)

मी यंत्रशिक्षणाच्या क्षेत्रात काम करतो. 1972 आणि 1974 च्या पद्धतींवर एवढी चर्चा पाहून नवल वाटते. हजारो दीर्घिकांच्या प्रतिमांवर शिकवलेले न्यूरल नेटवर्क या तिन्ही पद्धतींपेक्षा चांगली प्रतिमा देईल. टोटल व्हेरिएशनचे गृहीतक माणसाने सोयीसाठी निवडलेले आहे. नेटवर्कचे गृहीतक निदान खऱ्या आकाशातून आलेले असते.

गणितवेडा (बीड)

आणि ज्या दीर्घिकेत आजवर कोणी न पाहिलेले काही असेल, तिथे नेटवर्क आजवर पाहिलेलेच काढील. दुर्बीण नवे पाहण्यासाठी पाठवतात. टोटल व्हेरिएशनची चूक मला आधीच ठाऊक असते, ती डोळ्यांनी ओळखता येते. नेटवर्कची चूक हुबेहूब दीर्घिकेसारखी दिसते, हा त्यातला धोका आहे.

खामनदी (छत्रपती संभाजीनगर)

हा आक्षेप जुन्या प्रकारच्या नेटवर्कला लागू आहे. आता प्रत्येक पायरीला मोजलेल्या आकड्यांशी मेळ घालायला भाग पाडता येते. मोजलेल्या वारंवारितांना नेटवर्क हात लावत नाही, फक्त रिकाम्या जागांबद्दल बोलते. शिवाय एकच उत्तर न देता आकड्यांशी जुळणाऱ्या अनेक प्रतिमा काढता येतात. त्या सर्वांत जे तपशील कायम राहतात त्यांच्यावर भरवसा ठेवा, जे प्रत्येक प्रतिमेत बदलतात त्यांच्यावर ठेवू नका. तज्ज्ञांच्या प्रश्नाला याहून थेट उत्तर कोणते असेल?

गणितवेडा (बीड)

अनेक प्रतिमा काढण्याच्या मुद्द्याशी सहमत. मात्र त्या सर्व एकाच शाळेत शिकलेल्या असतील तर त्यांचे एकमत हा पुरावा होत नाही, एवढी नोंद ठेवतो.

गोदावरीतीर (नांदेड)

दोघांच्या वादाचे एक खरेखुरे उदाहरण समोर आहे. इव्हेंट होरायझन दुर्बिणीने एप्रिल 2017 मध्ये एम87 या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराचे निरीक्षण केले आणि 10 एप्रिल 2019 रोजी प्रतिमा जाहीर केली. पृथ्वीवरच्या सहा ठिकाणच्या आठ दुर्बिणी, तरंगलांबी 1.3 मिलिमीटर, म्हणजे फूरिए प्रतल बहुतांशी रिकामे. त्यांनी चार गट केले आणि एकमेकांशी न बोलता प्रतिमा काढायला सांगितले. काहींनी क्लीन वापरली, काहींनी गृहीतकांचे वजन आकड्यांच्या जुळणीशी तोलणाऱ्या नव्या पद्धती. चौघांकडूनही सुमारे 40 मायक्रोआर्कसेकंदांचे कडे निघाले.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी. त्यांनी कडे, चंद्रकोर, भरीव तबकडी आणि दोन सुटे ठिपके अशी कृत्रिम दृश्ये त्याच दुर्बिणींतून "पाहिली" असती तर कोणते आकडे आले असते ते तयार केले आणि प्रत्येक पद्धतीच्या हजारो मांडण्या त्यांवर चालवल्या. भरीव तबकडीच्या मधोमध भोक पाडणारी मांडणी बाद. या चाळणीतून उतरलेल्या मांडण्याच खऱ्या निरीक्षणावर वापरल्या. एवढे करूनही 2022 मध्ये जपानमधील एका गटाने तेच आकडे वेगळ्या रीतीने हाताळून कडे न दिसता गाभा आणि फवारा दिसतो असा दावा केला, आणि मूळ चमूने त्याचे खंडन केले. 2023 मध्ये प्रीमो या पद्धतीने कृष्णविवरांच्या सिम्युलेशनवर शिकून अधिक बारीक कडे काढले. ते पाहायला सुंदर आहे, पण त्यातला बारीकपणा कितपत निरीक्षणातून आला आणि कितपत शिकवणीतून, हा गणितवेडा यांचाच प्रश्न तिथे उभा राहतो.

मॅडम, विद्यार्थ्याने मूळ चित्राच्या जागी अगदी सपाट तबकडी ठेवून तिन्ही पद्धती चालवाव्यात. तबकडीतही त्याच दिशेची फट आली तर ती दीर्घिकेची नाही, दुर्बिणीची आहे.

वसमतकर

चार गटांना एकमेकांशी न बोलता काम करायला सांगणे आमच्या कार्यालयात मुळीच अवघड गेले नसते.

सरळ_रेषा (परभणी)

नमस्कार, तो विद्यार्थी मीच. मॅडमनी धाग्याचा दुवा दिला. सर्वांचे आभार.

गोदावरीतीर सरांनी सांगितल्याप्रमाणे नकाशा काढला. प्रत्येक जोडीमुळे फूरिए प्रतलात 2 मीटर त्रिज्येचे एक वर्तुळ मिळते. षट्कोनामुळे या वर्तुळांची केंद्रे एकमेकांपासून नेमकी 4 मीटरवर येतात, म्हणजे शेजारची वर्तुळे एकमेकांना फक्त टेकतात आणि दर तीन वर्तुळांच्या मध्ये वक्र बाजूंची तिकोनी फट राहते. सर्वांत आतल्या फटीचा मध्य 2.31 मीटरच्या आधाररेषेशी जुळतो. 550 नॅनोमीटरला भागल्यावर त्याचे आवर्तन-अंतर 0.049 आर्कसेकंद येतो, म्हणजे माझ्या प्रतिमेतल्या काळ्या फटीच्या दोन उजळ कडांमधले अंतर. दिशाही जुळते. तबकडीवरही वीनरने त्याच दिशेच्या फिकट लाटा दाखवल्या. नॉइज धरला होता, पण पूर्ण आरशाच्या हिशोबाने; 72 पटीचा मुद्दा लक्षात घेऊन तो आता बदलतो आहे.

एक प्रश्न आहे. सहाही आरसे तंतोतंत एका पातळीत आहेत असे मी धरले आहे. एखादा आरसा 100 नॅनोमीटर मागे सरकला तर काय करावे?

गोदावरीतीर (नांदेड)

शाब्बास, हिशोब स्वच्छ मांडला आहे.

आरसा मागे सरकला की त्याच्या प्रत्येक जोडीच्या फेजमध्ये चूक शिरते. 1958 मध्ये रॉजर जेनिसन यांनी यावर सुरेख तोड मांडली. कोणतेही तीन आरसे घ्या आणि त्यांच्या तीन जोड्यांच्या फेजची त्रिकोणाभोवती बेरीज करा. प्रत्येक आरशाची चूक एका जोडीत अधिक आणि दुसऱ्या जोडीत उणे येते, म्हणून बेरजेत ती नाहीशी होते आणि उरते ते केवळ आकाशाचे. याला क्लोजर फेज म्हणतात. वर उल्लेखलेल्या एम87 च्या प्रतिमेचा मोठा आधार हाच होता. किंमत अशी की सहा आरशांच्या 15 फेजपैकी स्वतंत्र क्लोजर फेज 10 च उरतात, आणि दृश्य आकाशात नेमके कुठे आहे हे त्यातून कळत नाही.

तुमच्या षट्कोनात मात्र ही युक्ती सरळ चालणार नाही. 15 जोड्यांपैकी वेगळ्या आधाररेषा फक्त 9 आहेत, कारण समोरासमोरच्या बाजू समांतर आणि सारख्याच लांबीच्या असतात. लहान कर्णांचेही तसेच. एकाच नाभीवर दोन जोड्यांचे माप एकाच जागी येऊन पडते, प्रत्येकाची चूक वेगळी, आणि ती सोडवता येत नाही. म्हणूनच जेम्स वेब अवकाश दुर्बिणीवरच्या निरिस उपकरणातील मुखवट्याला सात छिद्रे अशा रीतीने पाडली आहेत की 21 जोड्यांपैकी कोणतीही दोन सारखी नसावीत. बहुतेक प्रकाश त्या मुखवट्यावर अडतो, तरीही तो वापरतात, कारण उरलेला प्रकाश विश्वासाचा असतो. मार्सेल गोले यांनी 1971 मध्ये अशा पुनरावृत्ती नसलेल्या मांडण्या दिल्या आहेत. सहा आरशांचीही त्यांत आहे. ती वापरून पाहा.

बालाघाटी (अंबाजोगाई)

सिद्धान्तात चोख, पण निरिसचा अनुभव पूर्ण सांगायला हवा. मुखवटा बिनचूक असूनही सुरुवातीच्या प्रतिमा अपेक्षेहून धूसर आल्या, कारण शोधकावरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपवरच्या) उजळ पिक्सेलमधला विद्युतभार शेजारच्या पिक्सेलमध्ये पाझरत होता. सिडनीच्या चमूने त्या पाझराचेच प्रतिमान पुनर्रचनेत घातले, तेव्हा गुरूच्या आयो या चंद्रावरचे ज्वालामुखीही स्पष्ट झाले. आरसे, मुखवटा, शोधक, सगळे एकाच समीकरणात घेतल्याशिवाय उत्तर बरोबर येत नाही. विद्यार्थ्याने निदान शोधकाचा वाचन-नॉइज तरी धरावा.

आरशाची चूक प्रतिमेवरूनच मोजण्याचीही रीत आहे. मुद्दाम नाभीबाहेरची प्रतिमा घेऊन तिच्यावरून आरशांच्या पातळीतील फरक काढतात. हबलचा दोष किती आहे हे असेच मोजले गेले आणि 2022 च्या सुरुवातीला वेबचे 18 तुकडे जुळवतानाही हीच रीत वापरली गेली.

मांजराकाठ (लातूर)

वर मान्य झाले की वेगवेगळ्या दिवशीची मापे जोडता येतात. मग तिकोनी फटी भरण्यासाठी सगळी दुर्बीणच अक्षाभोवती थोडी फिरवावी. एका निरीक्षणातली फट दुसऱ्यातल्या वर्तुळावर येईल. नवी मांडणी शोधण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

सरळ_रेषा (परभणी)

होय सर, ते करून पाहिले. 30 अंश फिरवून दोन्ही निरीक्षणे एकत्र सोडवली की फटी बहुतांश भरतात, वीनरमधली काळी फट जाते आणि तिन्ही पद्धतींची उत्तरे त्या भुजेपुरती एकमेकांच्या जवळ येतात. भुजेच्या टोकाशी मात्र अजूनही मतभेद आहेत. पण वाचनात आले की वेबला सूर्यरोधक पडद्यामुळे मधल्या स्थितीपासून साधारण 5 अंशच इकडेतिकडे वळता येते. तेवढ्या दोन टोकांत 10 अंशांचा फरक पडतो. त्यात बाहेरच्या बाजूच्या फटी बऱ्याच भरतात, आतल्या फटीचा मध्य जेमतेम भरतो आणि 2 मीटरलगतची तिची कड उघडीच राहते.

गोदावरीतीर (नांदेड)

यान सूर्याभोवती फिरते तसा हा कोन आपोआप बदलतो. क्रांतिवृत्ताच्या ध्रुवाजवळचे लक्ष्य घेतले तर रोज सुमारे एक अंश. दीर्घिकेसाठी महिनाभर थांबायला हरकत नाही. अतिनवताऱ्यासाठी थांबता येणार नाही, कारण तोवर तोच बदललेला असेल.

पूर्णाकाठ (परभणी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तज्ज्ञांना आता असे उत्तर देण्याचे ठरवले आहे की विश्वास प्रतिमेवर एकगठ्ठा ठेवायचा नसून तिच्यातल्या एकेका तपशिलावर ठेवायचा असतो. प्रत्येक पुनर्रचित प्रतिमेशेजारी मोजलेल्या वारंवारितांचा नकाशा छापू, तबकडीची चाचणी जोडू आणि खामनदी यांच्या सूचनेप्रमाणे आकड्यांशी जुळणाऱ्या अनेक प्रतिमा काढून त्या कुठे परस्परांपासून फाकतात ते दाखवू. नेटवर्क वापरायचे की नाही हा निर्णय विद्यार्थ्यावर सोडला आहे. त्याचा कल गणितवेडा यांच्याकडे दिसतो.

खामनदी (छत्रपती संभाजीनगर)

दोन्ही करून शेजारी ठेवावे. तबकडीची चाचणी नेटवर्कलाही लावा; नापास झाले तर मी पुन्हा त्याची बाजू मांडणार नाही.

बालाघाटी (अंबाजोगाई)

एक साधा उपाय कोणी सुचवला नाही. फटी 2.31 मीटरपाशी आहेत, मग आरसेच त्याहून थोडे मोठे करावेत. 2.4 मीटरचे घेतले तर वर्तुळे एकमेकांवर चढतात आणि आतल्या तिकोनी फटी मिटतात, जरी तिथला उठाव क्षीण राहील. बाहेरचा व्यास 10.4 मीटर होईल, भरण 32 टक्के, आणि वेळेचा दंड 72 पटींवरून सुमारे 31 पटींवर येईल.

वसमतकर

म्हणजे सहा हबल. निविदा केव्हा निघते ते कळवावे, आमच्या तालुक्यात एक कंत्राटदार आहेत.

सरळ_रेषा (परभणी)

बालाघाटी काका, 2.4 मीटर आणि गोलेंची मांडणी अशी दोन्ही रूपे आजच चालवायला लावली आहेत. गोलेंच्या मांडणीत आरसे मोठे केल्यावर शेजारचे दोन एकमेकांना लागतात का, ते आधी तपासतो.